जुनं ते सोनं, पण सातच दिवस

बँकेत वीस वर्षं काढली की माणसाच्या हातातली एक ताकद कायमची जाते. कागद फाडण्याची ताकद. मी एस.टी.चं तिकीटसुद्धा फाडू शकत नाही. प्रवास संपतो, घर येतं, तिकीट शर्टाच्या खिशात राहतं, शर्ट धुण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी त्या खिशातून पांढरा लगदा निघतो. तो लगदा चिमटीत धरून आमची ही माझ्याकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर मी शाखाधिकाऱ्यांच्या डोळ्यांतही पाहिलेली नाही. आणि शाखाधिकाऱ्यांच्या नजरांचा मला चांगला अनुभव आहे.

यात माझा दोष नाही. दोष १९८५ सालच्या नियमांचा आहे. सहकारी बँकांनी कुठली कागदपत्रं किती वर्षं सांभाळायची, याचे केंद्र सरकारने त्या साली नियम केले. काही वह्या पाच वर्षं. खतावण्या, व्हाउचरं वगैरे मातब्बर मंडळी आठ वर्षं. म्हणजे कागदालाही आयुष्य नेमून दिलेलं आहे आणि ते सरलं की त्याला सन्मानाने निरोप देता येतो. देता येतो, म्हणजे नियमात देता येतो. प्रत्यक्षात नष्ट करायच्या कागदांची यादी करावी लागते, आणि यादीखाली सही लागते. ती सही करणारा वीर आमच्या बँकेत अजून भरती व्हायचाय. न जाणो, उद्या त्यातलंच एखादं व्हाउचर कोर्टाने मागितलं तर? त्यामुळे आठ वर्षांनी जायला हवे होते ते गठ्ठे आमच्या रेकॉर्ड रूममध्ये पंचवीस पंचवीस वर्षं तळ ठोकून आहेत. कसर तेवढी कुणाची सही न मागता आपलं काम करते. नष्टीकरणाच्या नियमांची खरी अंमलबजावणी करणारा आमच्याकडे तो एकच विभाग.

अशा घरंदाज वातावरणात वाढलेल्या माणसाला कॉम्प्युटर विभागात का टाकलं, असं तुम्ही विचाराल. त्याची हकीकत एका वाक्यात संपते. शाखेतल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा न फाटता बाहेर काढला. (फाडायची ताकदच नव्हती, हे मघाशी सांगितलंच.) 'याला टेक्निकल गती आहे' असा शेरा माझ्या नावापुढे पडला आणि मी मुख्य कचेरीत, सर्व्हरच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसलो. विभाग दोघांचा. एक मी, बी.कॉम., वय सेहेचाळीस. दुसरा एक इंजिनिअर पोरगा, वय सव्वीस. तो बँकेत सगळ्यांना 'सर' म्हणतो; सत्तावन्न वर्षांच्या मोठ्या साहेबांनाही 'सर', आणि परवा लागलेल्या शिकाऊ मुलालाही 'सर'. मला मात्र 'काका'. मी एकदा त्याला कारण विचारलं. म्हणाला, "तुम्हाला बघून तसंच येतं तोंडात, काका."

तर सोमवार, १० जून २०२४. दहा तारीख म्हणजे पगाराचा दिवस. सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या चौदाही शाखा एकदम थांबल्या. बिघडल्या नाहीत हं, थांबल्या. पडद्यावर शिल्लक दिसत होती, पण एक रुपया इकडचा तिकडे होईना. आमच्याकडे दोन टेलिफोन. दोन्ही एकदम वाजायला लागले. एका शाखेतून कॅशियर, दुसऱ्या शाखेतून खुद्द खातेदार. खातेदाराची भाषा इथे देत नाही, हे पुस्तक घरात वाचलं जातं.

पोरग्याने दोन मिनिटं कीबोर्ड बडवला आणि म्हणाला, "काका, आर्काइव्ह लॉगची डिस्क भरली."

मी म्हटलं, "असं होय?" न कळलेल्या गोष्टीला द्यायचं हे माझं ठरलेलं उत्तर आहे. पण त्या दिवशी का कोण जाणे, त्याने नीट समजावून सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे मला समजलं. इतकं समजलं की एफ.वाय.ला बुक-कीपिंग शिकवणाऱ्या आमच्या सरांना जाऊन सांगावं असं वाटलं.

त्याचं असं आहे. खातेदाराची शिल्लक जिथे असते तो डेटाबेस म्हणजे आपली खतावणी. आणि झालेला प्रत्येक व्यवहार ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने जिथे टिपला जातो तो लॉग, म्हणजे आपली रोजकीर्द. आधी कीर्द, मग खतावणी. हा नियम आमच्या आजोबांच्या किराणा दुकानातही होता आणि ओरॅकलच्या डेटाबेसमध्येही आहे. फरक इतकाच, की कॉम्प्युटरची ही कीर्द मोजक्या पाट्यांवर लिहिली जाते. समजा तीन पाट्या. पहिली भरली की दुसरी, दुसरी भरली की तिसरी, तिसरी भरली की परत पहिली पुसायची. पण पुसण्याआधी तिच्यावरचा मजकूर वहीत उतरवून कपाटात ठेवायचा. ही कपाटातली वही म्हणजे आर्काइव्ह लॉग. आता कपाटात वही ठेवायला जागाच उरली नाही तर? तर पाटी पुसता येत नाही. पाटी पुसता येत नाही म्हणून नवा व्यवहार लिहिता येत नाही. आणि लिहिता येत नाही म्हणजे करता येत नाही.

खरं सांगतो, हे ऐकून माझ्या मनात त्या यंत्राबद्दल आदर दाटून आला. बाहेर रांगा लागल्यात, साहेब ओरडतायत, पण कीर्दीला जागा नाही ना, मग व्यवहार बंद! असे करारी हेडक्लार्क आता कुठे राहिलेत?

आणि ही कीर्द एवढी जपायची कशासाठी? तर दर रविवारी पहाटे सगळ्या डेटाबेसची एक पूर्ण नक्कल निघते. तो बॅकअप. गुरुवारी दुपारी तीन वाजता समजा यंत्र जळून गेलं, तर रविवारची नक्कल नव्या यंत्रावर ठेवायची आणि तिच्यावर सोमवारपासूनच्या कीर्दी ओळीने चढवत जायचं. गुरुवार दुपारचे तीन वाजायला एक मिनिट कमी असतानाची शिल्लक पैशापैशाने उभी राहते. बॅकअप म्हणजे आरंभीची शिल्लक, लॉग म्हणजे व्हाउचरं. सगळी कॉम्प्युटरविद्या शेवटी कॉमर्सच्याच पायाशी येते, पण आम्हाला पगार कमी.

साहेब आले. "जुने लॉग काढून टाका," म्हणाले. मी सवयीने विचारलं, "यादी करू?"

पोरगा हसला. त्याने पडद्यावर एक ओळ लिहिली. एकच. तिचा अर्थ असा: बॅकअपच्या कपाटात सात दिवसांपेक्षा जुनं जे काही सापडेल ते उडव. आणि ती ओळ रोज रात्री दोन वाजता आपली आपण चालेल अशी सोय करून टाकली. (जाता जाता: 'सातपेक्षा जास्त' म्हणजे त्या यंत्राच्या हिशेबात पुरे आठ दिवस. व्याजाचे दिवस मोजताना पहिला धरायचा की शेवटचा, यावर आमच्याकडे वाद होतात तसंच हे.) ना यादी, ना सही, ना ठराव, ना कसर! रात्री दोन वाजता, सगळं गाव झोपलेलं असताना, कागदाचा एक कपटाही न उडता जुनं आपलं आपण नाहीसं होणार. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. वीस वर्षं जे आमच्या बँकेच्या हातून झालं नव्हतं ते एका ओळीने करून दाखवलं होतं.

माझं योगदान म्हणून मी एक रजिस्टर घातलं. रजिस्टर घालणं ही आमची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. 'बॅकअप रजिस्टर': तारीख, फाईलचं नाव, आकार, शेरा, सही, साहेबांची सही. दर सोमवारी सकाळी रविवारच्या बॅकअपची नोंद. पहिले चार सोमवार मी आकार बघून लिहिला. पाचव्या सोमवारपासून आकाराच्या रकान्यात दोन टिंबं द्यायला लागलो. वरीलप्रमाणे. त्या दोन टिंबांविषयी पुढे बोलायचंय.

हा पराक्रम मी घरी रंगवून सांगितला, ही माझी चूक. बँकेतल्या गोष्टी घरी सांगू नयेत असं गोपनीयतेच्या प्रतिज्ञेत म्हटलेलं असतं ते उगाच नाही.

"म्हणजे आपोआप?" हिने विचारलं.

"आपोआप."

"कुणाला न विचारता?"

"कुणालाही."

ही काही बोलली नाही. नुसती आमच्या लोखंडी कपाटाकडे बघत राहिली. त्या कपाटात अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे कागद आहेत. अण्णा २०१६ साली गेले. ते होते तोवर विजेचं प्रत्येक बिल त्या कपाटात जात असे, आणि ते गेल्यावर मीही तेच चालू ठेवलं; कारण फाडायचं कुणी? आमच्या आईचा पंथ तर त्याहून कडक. ती दुधाच्या पिशव्याही धुऊन, वाळवून, घडी करून ठेवते. टाकायला तिची ना नसते, पण तिचं एकच वाक्य ठरलेलं: "टाक, पण बघून टाक." आणि बघायला बसलं की टाकणं होत नाही, हा आमच्या घराण्याचा इतिहास आहे.

सप्टेंबर उजाडला. गणपती आले, गेले. पितृपक्ष लागला. गुरुवार, ३ ऑक्टोबरला घटस्थापना; म्हणजे त्याआधीचा रविवार दसरा काढायचा. गोधड्या गच्चीवर, भांडी अंगणात आणि मी मध्यात. अर्धवार्षिक जवळ आलेली, त्यामुळे मी रविवार असूनही बँकेत गेलो. (गेलो, असं घरी सांगितलं. अर्धा वेळ बँकेसमोरच्या चहाच्या गाडीवर होतो.) संध्याकाळी परत येऊन बघतो तर लोखंडी कपाट अर्धं रिकामं. आत एक सुटसुटीत फाईल. घरपट्टीच्या पावत्या, सात वर्षांच्या. विजेची बिलं, सात वर्षांची. सगळं तारीखवार, पंच करून. इतकी देखणी फाईल आमच्या ऑडिटरनेही पाहिली नसेल.

"बाकीचं?"

"सात वर्षांच्या वरचं सगळं दिलं. तुमचाच नियम. तुमचे दिवस, माझी वर्षं." वर म्हणाली, "चाळीस किलो भरलं."

मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. आपला शब्द घरात कुणीतरी ऐकला, याचा.

तो अभिमान दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातपर्यंत टिकला. साडेसातला सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन. इमारतीची जागा सोसायटीच्या नावावर करायची, मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज चाललाय, प्रत्येकाने आपल्या खरेदीखताची प्रत आजच द्यावी. मी म्हटलं, देतो की. फाईल उघडली. घरपट्टी आहे. वीज आहे. खरेदीखत?

"अगं, खरेदीखत कुठाय?"

"तारीख काय होती त्याची?"

"अण्णांनी घर घेतलं ते १९८७ साली."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. १९८७. सात वर्षांच्या वरचं. नियमात चोख बसत होतं.

वाचकहो, सात वर्षांची घरपट्टी भरल्याचा पुरावा माझ्याकडे होता. फक्त घर माझं असल्याचा नव्हता. नोंदलेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकांच्या कचेरीत मिळते, हे मला माहीत आहे. लोकांना तिकडे पाठवण्याचं काम मी कर्जविभागात तीन वर्षं केलंय. पण आपलं घर रद्दीत गेलं आहे हे कळल्यावर माणसाला कचेरी आठवत नाही. पायात सापडेल ती चप्पल घालून (एक माझी होती) मी रद्दीवाल्याकडे धावलो.

रद्दीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता म्हणाला, "काय गेलं?" म्हणजे त्यालाही हंगाम ठाऊक होता. "साहेब, काल अख्ख्या पेठेनं दसरा काढलाय. ह्यो ढीग तुमच्या गल्लीचा. बघा."

मी ढिगाऱ्यावर बसलो. अर्धा तास मी दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांच्या पत्रिका, दुसऱ्यांची दहावीची अपेक्षित प्रश्नसंचं उपसली. खरेदीखत नाही. आणि मग हाताला एक निळ्या पुठ्ठ्याची फुलस्केप वही लागली. अक्षर ओळखीचं. माझीच! एफ.वाय.बी.कॉम., बुक-कीपिंग. कौतुकाने उघडली. पहिली पाच-सहा पानं नव्हती.

"ती काल भेळवाल्याला दिली," रद्दीवाला म्हणाला. "कोरी पाठ होती."

सहाव्या पानावर एक उदाहरण अर्ध्यातून सुरू होत होतं. कीर्द होती, खतावणी होती, रकाने आखलेले होते, सगळ्या नोंदी लाल-निळ्या शाईत सुरेख. फक्त आरंभीची शिल्लक नव्हती. ती भेळेबरोबर गेली होती. मी तोंडी हिशेब मांडून बघायला लागलो. काही केल्या जमेना. जमणार कसा? सगळी व्हाउचरं असली तरी आरंभीची शिल्लक नसेल तर...

आणि तिथे, त्या ढिगाऱ्यावर, माझ्या पोटात गोळा आला. खरेदीखत विसरलो. घर विसरलो.

खिशातला फोन काढून पोरग्याला लावला. "रात्री दोन वाजता ती जी ओळ चालते ना, ती लॉगच काढते की बॅकअपही काढते?"

"कपाटात सात दिवसांच्या वरचं जे असेल ते काढते, काका. पण दर रविवारी नवा बॅकअप येतोच ना. जुना गेला तरी नवा असतोच."

"आणि रविवारी नवा आलाच नाही तर?"

"असं कसं होईल?"

"तू बघ."

मी फोन कानाला धरून बसलो. पलीकडे कीबोर्डचा आवाज. मग तोही थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्ही येता का?" आणि मला कळलं. 'तुम्ही येता का' हे वाक्य दवाखान्यातून ज्या आवाजात येतं, त्या आवाजात ते आलं होतं.

झालं होतं ते असं. जूनमध्ये ही सगळी व्यवस्था बसवली तेव्हा बॅकअप घेण्यासाठी १२ जूनला एक वेगळं खातं उघडलं. ऑडिटरच्या शेऱ्याप्रमाणे प्रत्येक पासवर्डला नव्वद दिवसांची मुदत. माणसाचा पासवर्ड संपला की माणूस शिव्या देतो आणि बदलतो. या खात्यामागे माणूसच नव्हता. १० सप्टेंबरला त्याचा पासवर्ड संपला. ते बिचारं मुकाट बसलं. १५ सप्टेंबरच्या रविवारी बॅकअप निघालाच नाही. नावाची एक रिकामी फाईल तेवढी तयार झाली. शेवटचा खरा बॅकअप ८ तारखेचा. आणि साफसफाईच्या ओळीला पासवर्डची अट नव्हती! ती बरोबर रात्री दोनला उठली आणि मंगळवार, १७ सप्टेंबरच्या पहाटे, म्हणजे ऐन अनंतचतुर्दशीला, तिने गणपतीच्याही आधी आमच्या बॅकअपचं विसर्जन करून टाकलं. आज ३० तारीख. म्हणजे जाऊन तेरा दिवस झाले होते, आणि आम्ही घरच्या माणसांनी साधं सुतकही पाळलं नव्हतं.

कपाटात आठवड्याभराच्या कीर्दी होत्या. एकीमागे एक, क्रमवार, एकही गहाळ नाही. अगदी आमच्या हिच्या फाईलसारख्या.

मी रजिस्टर उघडलं. १६ सप्टेंबर: आकाराच्या रकान्यात दोन टिंबं. २३ सप्टेंबर: दोन टिंबं. खाली माझी सही, लफ्फेदार.

साहेबांना सांगणं भाग होतं. मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. पेन काढलं. मेमोचा कागद ओढला. मग त्यांनी रजिस्टर जवळ घेतलं, टिंबांवर बोट ठेवलं, बोट उजवीकडे सरकवलं, माझ्या सहीवरून पुढच्या रकान्यात गेलं आणि थांबलं. तिथे त्यांची सही होती. दोन्ही सोमवारी. साहेबांनी पेनला टोपण लावलं. "आता काय करायचं ते बोला," म्हणाले.

आता त्या दिवसाची गंमत बघा. सोमवार, ३० सप्टेंबर. अर्धवार्षिक. संध्याकाळी व्याजाचं मोठं काम चालायचं. बाहेर गर्दी. बॅकअप सुरू केला तर काउंटर रांगायला लागणार. म्हणून कामकाज संपेपर्यंत थांबायचं ठरलं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. आठ तास आमची बँक, चौदा शाखा, ठेवीदारांचा पै न् पै, हे सगळं त्या खोलीतल्या एका लोखंडी पेटीत होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं. रोज ते तसंच असतं असं वाटायचं. त्या दिवशी खरंच तसं होतं.

मी सर्व्हरच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलो. आत कुणाला जाऊ देईना. झाडूवालीला परत पाठवलं. दुपारी आभाळ भरून आलं, वीज चमकली आणि यू.पी.एस.ने एकदा 'टूं' केलं. त्या एका 'टूं'ला माझ्या डोळ्यांपुढून सगळे खातेदार गेले. पेन्शनीचे पाच-पाचशे वेगळे काढून मुदतठेव करणारे मास्तर, भाजीच्या गाळ्यावरची मावशी, जी पासबुक छापून घेतल्यावर शिल्लक मला मोठ्याने वाचायला लावते, आणि २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुरात घरातलं सगळं गेल्यावर, "पासबुक वाहून गेलं, पण तुमच्याकडं असंल न्हवं?" असं विचारत आलेला तो एक गडी. त्या वेळी मी त्याला ऐटीत म्हटलं होतं, "आमच्याकडे सगळं असतं."

शिपाईमामांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण त्यांनी माझं तोंड पाहिलं, जनरेटरमधलं डिझेल काठी घालून पाहिलं आणि न बोलता पाच लिटरचा कॅन भरून आणला. येताना एक उदबत्तीही लावून आणली. ती मी बाहेरच लावायला सांगितली. खोलीत धुराचा भोंगा आहे. तो वाजला असता तर मी जागीच गेलो असतो.

सहाला बॅकअप सुरू झाला. पडद्यावर टक्के सरकत होते. सरकत होते म्हणजे, सरकारी कामासारखे सरकत होते. नऊ टक्क्यांवर पोरग्याने वडापाव मागवला. चाळीस टक्क्यांवर दिवे गेले, जनरेटर लागला. सत्तरवर साहेब स्वतः चौथ्यांदा येऊन गेले. सव्वादहाला शंभर झाले. पोरग्याने आकार वाचून दाखवला आणि मी तो रजिस्टरात लिहिला. पूर्ण लिहिला, अंकी आणि अक्षरी. मग त्याची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर घेतली. ती साहेबांनी बगलेत धरली आणि आपल्या घरच्या कपाटात नेऊन ठेवली. त्यानंतर व्याजाचं काम चालू झालं.

घरी पोचायला दीड वाजला. आई जागी होती. तेव्हा कुठे मला आठवलं की माझं घरही सकाळपासून रद्दीत आहे.

"खरेदीखत मिळालं नाही गं," मी म्हटलं.

आईने गादीचा कोपरा उचलला. खाली दुधाच्या पिशव्यांची चळत, आणि तिच्याखाली खरेदीखत. "तो वजन करत होता तेव्हा काढून घेतलं. स्टँपपेपर दिसला. ह्यांची सही दिसली."

"अगं, मग सकाळी बोलली का नाहीस? मी उकिरडा उपसत बसलो!"

"तू विचारलंस कुठं? चप्पल घालून पळालास. तीही एक हिची."

पोरग्याने दुसऱ्या दिवशी आपली ती प्रसिद्ध ओळ स्वतःच्या हाताने पुसली. ओरॅकलच्या डेटाबेसबरोबर या कामासाठी आरमॅन नावाचा एक कारभारी मिळतो. त्याच्या हाती सगळं दिलं. हा नुसती तारीख बघून टाकत नाही. त्याला सांगायचं, 'गेल्या सात दिवसांतल्या कुठल्याही क्षणापर्यंत मागे जाता आलं पाहिजे.' मग तो स्वतः हिशेब करतो, की त्यासाठी कुठली आरंभीची शिल्लक लागेल. आणि ती दहा दिवसांची जुनी असो की महिन्याची, तिला हात लावत नाही. नवा बॅकअप आला नाही तर जुना राखून ठेवतो. म्हणजे, आमची आईच.

त्याच्या बोलीत दोन शब्द आहेत. पहिला 'ऑब्सोलीट': वस्तू जागेवर आहे, पण आता तिची गरज नाही. दुसरा 'एक्स्पायर्ड': रजिस्टरात नाव आहे, पण वस्तूच जागेवर नाही. पोरग्याच्या जुन्या ओळीने परस्पर उडवलेल्या आठवड्या-आठवड्यांच्या फाईली आरमॅनच्या दप्तरी अजून जिवंत होत्या. त्या एकेक ताडून, नाही त्यांची नावं कमी करावी लागली. मतदार यादीतून मयतांची करतात तशी. हे समजून घेत असताना मी वीस वर्षं नोकरी झालेला माणूस म्हणून थोडा गंभीर झालो. हजेरीपटावर मी असतो आणि चहाच्या गाडीवर सापडतो, तेव्हा मी एक्स्पायर्ड. जागेवर असतो तेव्हा कोण, ते विचारायचं धाडस झालं नाही.

२६ ऑक्टोबरच्या चौथ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असताना, आम्ही तो बॅकअप एका वेगळ्या यंत्रावर उभा करून बघितला. त्यावर कीर्दी चढवल्या. दुपारी तीन वाजता मी शुक्रवारच्या तेरजेशी ताळा घेतला. पैशाचाही फरक नाही. पोरगा म्हणाला, "काका, जमलं." मी काही बोललो नाही. मास्तरांची मुदतठेव काढून बघितली. होती.

आता रोज रात्री दोनला साफसफाई झाली की माझ्या फोनवर संदेश येतो: काय काढलं, काय ठेवलं, बॅकअपचा आकार किती. ही कल्पना माझी. पहिल्या रात्री फोन वाजला तशी ही दचकून उठली.

"रात्री दोन वाजता कुणाचा मेसेज?"

"बँकेतून. जुनं काढून टाकलं म्हणून."

"मग वाचताय काय एवढं चष्मा लावून?"

"काय काढलं ते बघतोय."

पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, "कोण रे? रद्दीवाला आला का एवढ्या रात्रीचा?" आणि पाठोपाठ तिच्या गादीचा कोपरा उचलल्याचा आवाज.